कुंपणापलीकडची पेटी

तिसरं बोट पुन्हा घसरलं आणि तार किंचाळली. प्रशांतने कॅसेट मागे फिरवली, परत ऐकली. गिटारवाले ज्याला लिक म्हणतात, तो सुरांचा एवढासा तुकडा. ऐकायला सोपा, पण वाजवायला घेतला की बोटांची गाठ व्हायची. तार ओढून सूर वर चढवायचा, तिथेच धरून ठेवायचा आणि मग घसरगुंडीवरून सुटल्यासारखं भराभर खाली यायचं.

"मेल्या, मांजर पिळतंस काय रे?" बाहेर सोप्यावर बसलेले त्याचे वडील, कृष्णनाथ, ओरडले.

प्रशांतने आवाज आणखी वाढवला. स्पीकरचं तोंड त्याने मुद्दाम खिडकीकडे केलं होतं. खिडकीसमोर कुंपण, कुंपणापलीकडे शंभूकाकांचं घर आणि त्या घरात त्यांची मुलगी गौरवी.

गौरवीला सावंतवाडीचं एक स्थळ बघायला येणार होतं. त्याआधी तिच्या मनात काय आहे ते प्रशांतला कळायला हवं होतं. डिचोलीच्या खाणीवर तो टाइमकीपर होता, पगार बरा होता, तोंडही चारचौघांत दाखवण्यासारखं होतं. अडचण एकच. दोन्ही घरं एकमेकांशी बोलत नव्हती.

कारण भाषा. गोव्याची राजभाषा कुठली यावरून सगळा गोवा पेटला, तेव्हा त्यांच्या हळर्ण गावात कृष्णनाथ मराठीचे झाले आणि शंभूकाका कोकणीचे. जन्मभराचे दोस्त, देवळातल्या भजनात मांडीला मांडी लावून बसणारे. भांडले तेही एकाच बोलीत, आणि शिव्या तर दोघांच्या अगदी सारख्या. पुढे कायदा झाला, गोव्याचं राज्य झालं, लोक थंड झाले. हे दोघे नाहीत. आता तर नवाच पेच होता. आधी बोलायचं कुणी, आणि कुठल्या भाषेत? मराठीत तोंड उघडलं तर शंभू हरला, कोकणीत उघडलं तर कृष्णनाथ. म्हणून दोघांनीही तोंडं मिटून घेतली होती.

एका संध्याकाळी प्रशांतने ती लिक कशीबशी पुरी केली. तो घाम पुसत होता तेवढ्यात पलीकडून पेटी वाजली. तीच लिक! पेटीवर तार ओढता येत नाही, पण उतरण तंतोतंत. शिवाय शेवटी एक तान पदरची जोडलेली.

गौरवी पेडण्याला एका बाईंकडे पेटी शिकायला जात होती. प्रशांतला आभाळ ठेंगणं झालं.

त्या दिवसापासून कॅसेट बाजूला पडली. रोज संध्याकाळी पेटी नवी तान टाकायची आणि ती गिटारवर उतरवताना प्रशांतच्या नाकी नऊ यायचे. पेटीचे सूर एका ओळीत बसलेले. गिटारवर तोच सूर भलत्या तारेवर, दोन पट्ट्यांमधल्या भलत्याच घरात सापडायचा. बोटांना फोड आले, फुटले, मग घट्टे पडले. खाणीवर हजेरी लिहितानासुद्धा त्याचा डावा हात टेबलाच्या कडेवर नाचत असायचा. कामगारांना वाटायचं, साहेबांना खरूज झाली.

एका तानेने तर त्याला रडवलं. शेवट काही केल्या जमेना.

"कोमल निषाद तो," कृष्णनाथ दारात उभे होते. "तेच्यार जरा थांब, आणि मगे खाली पड. बघ, असो." त्यांनी गुणगुणून दाखवलं.

"तुमका कसां कळलां?"

"कान आसत माका," म्हणून ते परत सोप्यावर जाऊन बसले.

प्रशांतने तसंच वाजवलं. पलीकडची पेटी क्षणभर गप्प झाली. मग ती अशी काही वाजली की त्याच्या अंगावर काटा आला.

दुसऱ्या दिवशी गौरवी बस थांब्यावर भेटली. आजूबाजूला गाव उभा होता, त्यामुळे दोघंही रस्त्याकडे बघत बोलली.

"काल शेवट जमलो तुका," ती म्हणाली.

"तुका कळलो?"

"कळतलो नाय तर! त्या वेळेक आमच्या घरात कुकराची शिटीपण चलत नाय."

"आवडलो?"

ती हसली आणि बसमध्ये चढली. प्रशांत दिवसभर खाणीवर शीळ घालत फिरला.

एकदा वाटेत बस बंद पडली आणि त्याला घरी यायला उशीर झाला. कृष्णनाथ फाटकात येऊन उभे होते. "इतको उशीर? पयली गिटार घे. च्या मगे." म्हाताऱ्याला अखेर गिटारची गोडी लागली म्हणायची, असं वाटून प्रशांत खूश झाला.

आणि मग बातमी आली. सावंतवाडीकर उद्याच येणार.

त्या संध्याकाळी प्रशांतने जीव ओतून वाजवलं. एक बोट घसरलं नाही. पेटीने उत्तर द्यायला सुरुवात केली, तशी त्याने गिटार खाली ठेवली, केसांवरून फणी फिरवली आणि कुंपण ओलांडलं. आता तिलाच सरळ विचारायचं.

पायरीवर पाय ठेवला आणि तो थबकला. गौरवी समोरच तांदूळ निवडत बसली होती. पेटी आतल्या खोलीत वाजत होती.

"मगे... वाजयता कोण?"

"मी नाय बाबा. माझी बोटां आजून सारेगमतच अडकल्यात." ती हळूच म्हणाली, "पण आयलंस ता बरां केलंस. वाट बघून माझी मान मोडली."

पेटी थांबली. शंभूकाका दारात आले. त्यांचे डोळे भरले होते. त्यांनी प्रशांतचा खांदा घट्ट धरला.

"त्या निषादार थांबून असो पडणारो आख्ख्या पेडण्यात एकच मनीस आसा. ह्या वयात गिटार शिकलो मेलो, माज्यासाठी!"

प्रशांतने तोंड उघडलं. शंभूकाकांच्या पाठीमागून गौरवीने ओठांवर बोट ठेवलं.

"तुज्या बापाशीक सांग, माका सगळां पावलां. आता गिटार पुरो," शंभूकाका म्हणाले. "येऊन तोंडान उलय म्हण तेका. मराठीत उलयलो तरी चलता."