शनिवारची किल्ली

सासूबाईंच्या वृद्धाश्रमात भेटायची वेळ फक्त शनिवारी. दर शुक्रवारी मी त्यांना फोनवर न येण्याचं तेच कारण सांगायचे, "उद्या शब्बाथ ना, गाडीला हात लावायचा नाही." त्या म्हणायच्या, "बरोबर आहे गं, आपण ज्यू माणसं, पाळायलाच हवं."

या शनिवारी मुलांनी बोटिंगचा हट्ट धरला. तळ्याकाठी गाडी लावून उतरले, तर समोरून आश्रमातल्या मावशी सासूबाईंची व्हीलचेअर ढकलत येत होत्या. पन्नाशीची बाई मी, पण लपायला झाड शोधू लागले.

सासूबाईंनी माझा हात हातात घेतला, त्यातली गाडीची किल्ली हळूच आपल्या शालीखाली सरकवली आणि मावशींना म्हणाल्या, "ही माझी सून. शब्बाथ म्हणून एवढ्या लांब चालत आली हो मला भेटायला!"