पहिल्या रांगेतली खुर्ची

"ब्रेक!" दिग्दर्शक ओरडला. दिवसभर तो लोकांना गाडी चालवायला शिकवायचा, त्यामुळे तालमीतही 'थांबा' म्हणणं त्याला जमत नसे. "चिमणे, बासष्ट वर्षांची बाई अशी टुणकन उठते होय गं? घरात कुणी मोठं माणूस नाही का तुझ्या?"

होतं की! तिथेच तर सगळं घोडं अडलं होतं.

चिमणी दातांच्या दवाखान्यात पेशंटचे नंबर लावायची. बोलताना आवाज इतका बारीक, की मंडळींनी तिचं बारसंच करून टाकलं होतं. पण गायला लागली की हॉलच्या खिडक्या थरथरायच्या. नाटकातली बासष्ट वर्षांची विधवा तिच्या वाट्याला आली ती या गळ्यामुळे. ही विधवा दोन तास गाते, नाचते, प्रेमात पडते आणि शेवटी भर रंगमंचावर आपल्या माणसाच्या ओठांवर ओठ टेकवते. संहितेचं वाचन झालं त्याच दिवशी मंडळातल्या साठीच्या दोघींनी काढता पाय घेतला होता. मग काय, तिशीतल्या चिमणीचे केस पांढरे करायचं ठरलं.

"चोऱ्या करा," दिग्दर्शक नेहमी सांगायचा. "प्रत्येकाने एक जिवंत माणूस घरून चोरून आणायचं."

चिमणीने सासूबाई चोरल्या. नाइलाजच होता, ती बाई सकाळ-संध्याकाळ डोळ्यांसमोर. उठण्याआधी गुडघ्यावर हात ठेवून "चला" म्हणणं. गाणं गुणगुणताना मध्येच लाजून थांबणं. हातात आलेला कागद, मग ती वाण्याची यादी असो की औषधाची चिठ्ठी, चार घड्या करून चष्म्याच्या डबीत ठेवणं. सगळं तिने उचललं आणि सासूबाईंना मात्र शिवणाच्या क्लासला जाते म्हणून सांगितलं.

"आईला कळलं तर?" नवरा म्हणाला होता. "बाबांना जाऊन दहा वर्षं झाली. तिला वाटेल, सुनेने चारचौघांत आपली टिंगल केली."

चिमणीचा पाय मागे यायचा तो याच विचाराने. लग्न होऊन आली तेव्हा तिला साधा भात धड जमत नव्हता. करपलेली पातेली घासून लपवून ठेवणाऱ्या सासूबाईच. त्या बाईचा जीव दुखवून टाळ्या घ्यायच्या? नको गं बाई.

"काय शिवलंस ते दाखव तरी," सासूबाईंनी एकदा विचारलंच.

"अजून काजंच चाललीत, आई."

"चार महिने काजं?"

"अवघड असतात हो."

"असतात खरी." त्यांनी रेडिओचा कान पिळला. रेडिओ मुका. "बंद पडला मेला पुन्हा. दाखवून येते." नवा घ्या म्हटलं तर ऐकायच्या नाहीत. पंधरा दिवसांतून एकदा तो खोका पिशवीत घालून निघायच्याच.

इकडे तालमीत चिमणी पुन्हा उठली. गुडघ्यावर हात, "चला."

"डावा गुडघा," काका म्हणाले. विधवेच्या प्रियकराचं काम करणारे हे काका. बाजारात विजेच्या वस्तू दुरुस्त करायचे. स्वभावाने इतके भिडस्त, की त्या शेवटच्या प्रसंगाला रोज कानापर्यंत लाल व्हायचे. "आधी डावा हात, डाव्या गुडघ्यावर. म्हणजे... तसं बरं दिसेल."

खरंच बरं दिसलं.

संहिताही काकांनीच आणली होती. लिहिणाऱ्याचं नाव ते काही केल्या सांगेनात. "ओळखीतलं माणूस आहे. नाव नको म्हणतंय." दिग्दर्शकाने हात जोडले, तेव्हा पहिल्या प्रयोगाला येण्यापुरतं ते माणूस कबूल झालं.

शेवटचं गाणं चिमणीला रोज रडवायचं. त्यात विधवा मुलाला विचारत नाही, गावाला विचारत नाही. फक्त सुनेसमोर उभी राहते. 'परवानगी नको गं मला, सोबत हवी. तू येशील ना?' तिथे गाणं संपतं. सुनेचं उत्तर संहितेत नव्हतंच.

"उत्तर काय देते ती?" चिमणीने एकदा काकांना विचारलं.

"ते अजून लिहायचं राहिलंय," काका म्हणाले आणि उगाच वायर गुंडाळत बसले.

शनिवारी पहिला प्रयोग. संध्याकाळी ती घरातून निघाली.

"आज परीक्षा आहे, आई. क्लासची."

"मग दोन घास खाऊन जा. रिकाम्या पोटी आवाज..." सासूबाई थांबल्या. "हात थरथरतात रिकाम्या पोटी."

चिमणीला रडूच आलं. उद्या सगळं खरं सांगून पाय धरायचे, असं तिने ठरवूनच टाकलं.

नाट्यगृह भरत होतं. पांढऱ्या केसांची चिमणी पडद्याच्या फटीला डोळा लावून उभी राहिली. पहिल्या रांगेत मधली खुर्ची रिकामी होती आणि तिच्यावर दिग्दर्शकाने चिकटवलेला कागद: 'लेखकासाठी राखीव'. मागे काका तिसऱ्यांदा केस विंचरत होते.

तेवढ्यात दारातून सासूबाई आत आल्या.

चिमणीने पडद्याची फट झटकन मिटली. "काका, मेले मी! माझ्या सासूबाई आल्यात. मी नाही जात स्टेजवर, त्यांच्यासमोर मी हे नाही करू शकत!"

काकांचा कंगवा खाली पडला.

सासूबाई सावकाश पायऱ्या उतरत पुढे आल्या. ठेवणीतले कपडे, हातात पर्स. पहिल्या रांगेशी थांबून त्यांनी मधल्या खुर्चीवरचा कागद अलगद सोडवला, त्याच्या चार घड्या केल्या, तो चष्म्याच्या डबीत ठेवला आणि त्या खुर्चीत बसल्या.