भिंतीपलीकडची सायकल

सव्वासहाला आवाज सुरू झाला. घर्र, घर्र, घर्र. जोतीरामने चहाचा कप खाली ठेवला आणि भिंतीकडे बघितलं. चढला अप्पा सायकलीवर!

माळेगाव बुद्रुकला दोघांच्या घरांत एकच भिंत. साखर कारखान्यात दोघांनी तीस वर्षं एकाच पाळीत काढली, आणि रिटायर झाल्यावर गुडघेही दोघांचे एकदमच धरले. मग अप्पाच्या लेकाने पुण्याहून व्यायामाची सायकल पाठवली, जागच्या जागी चालणारी. तेव्हापासून जोतीरामच्या पोटात दुखायला लागलं. त्यावर डॉक्टरकडे गोळी नव्हती.

सातला त्याची बायको दगडाबाई डेअरीत दूध घालून आली आणि किटली धुऊन पालथी घातली. घरातल्या सगळ्या भांड्यांवर जोतीरामचं नाव घातलेलं होतं. डेअरीत अदलाबदल होते म्हणून किटलीवर तर चांगलं ठसठशीत कोरलेलं. एवढं असून बाई कौतुक करायची ते शेजारच्या सायकलीचं.

"पाऊन तास चालवली आज," जोतीराम म्हणाला. "थांबंना गडी."

"चांगलीच हाय ती सायकल. गुडघं मोकळं व्हत्यात. जिना चढताना कळ येत न्हाय."

"तुला कुनी सांगितलं?"

"दिसतंय की." ती खाली मांडी घालून मेथी निवडायला बसली.

जोतीरामचा जळफळाट झाला. साठीनंतर नवऱ्याने बायकोकडून दुसरं काय मागावं? चार शब्द कौतुकाचे. तेही भिंतीपलीकडे चालले होते. दुसऱ्याच दिवशी त्याने बारामतीची एसटी धरली.

भिगवण रस्त्यावरच्या दुकानात युवराज नावाचा पोरगेला विक्रेता होता. जोतीराम थेट पळायच्या पट्ट्यावर चढायला निघाला, तर त्याने हात धरला.

"हे नको, काका. दर पावलाला गुडघ्यावर दणका बसतो. तोल गेला तर आनखी वेगळं. ही बघा, पाठ टेकून बसायची सायकल. पाय पुढं, गुडघ्यावर भार न्हाय, टांग टाकायची गरज न्हाय."

जोतीराम बसला. खुर्चीत बसल्यासारखं वाटलं. पायडल लोण्यासारखं फिरलं.

"हिचा आवाज येईना?"

"येतच न्हाय. लोहचुंबकावर चालती. घरात कुनाची झोप मोडनार न्हाय."

जोतीरामचं तोंड पडलं. "मग शेजाऱ्याला कळनार कसं?"

युवराज हसला. मग सीट मागे-पुढे करून दाखवत म्हणाला, "घरात आनखी कोन चालवनार असंल तर असं माप बदलायचं. आन सुरुवातीला धाच मिनिटं. बोलता येईल एवढ्याच जोरात."

"कोन न्हाय चालवनार. एकट्याचीच हाय."

सायकल घरी आली. दगडाबाईने तिला हळद-कुंकू लावलं, नारळ फोडला आणि सीटवरून हात फिरवला. "बसून बघू का जरा?"

"ते बायकांचं काम न्हाय. मापं बिघडत्यात."

तिने हात काढून घेतला आणि नारळ खवायला घेतला.

दुसऱ्या दिवसापासून सामना सुरू झाला. सव्वासहाला पलीकडे घर्र झालं की जोतीराम इकडे पाय मारायचा. आवाज येत नाही म्हणून भिंतीकडे तोंड करून मोठ्याने मोजायचा, "पाचशे एक! पाचशे दोन!" हजारापर्यंत त्याला धाप लागायची. पलीकडचं घर्र तसंच, एका लयीत. दहा मिनिटं वगैरे तो पार विसरला होता.

मधे दगडाबाई दोन दिवस लासुर्ण्याला लेकीकडे, सुप्रियाकडे गेली. दूध त्यालाच घालावं लागलं. डेअरीत रांग नव्हती, दहा मिनिटांत तो परत आला आणि सायकलीवर बसला. भिंत गप्प. दुसऱ्या दिवशीही गप्प. जोतीराम मनातून इतका खूश झाला की त्याने स्वतःच साखर घालून शिरा केला. थकला अप्पा! बायको आल्यावर ही बातमी तिला आधी सांगायची, असं त्याने ठरवलं.

सांगितली. ती नुसतं "बरं" म्हणाली. आणि दुसऱ्या दिवशी सव्वासहाला पुन्हा घर्र, घर्र, घर्र. आधीपेक्षाही जोरात.

आठवड्याभरात जोतीरामचा उजवा गुडघा सुजून नारळाएवढा झाला. त्या दिवशी त्याला पायडलवर पायच ठेववेना. पलीकडे मात्र चाललेलंच होतं. हेवा करायचंही बळ उरलं नाही, तेव्हा तो काठी घेऊन उठला. जाऊन सांगायचं, बाबा, तू जिंकलास, आता बंद कर.

बाहेर आला तर अप्पा ओट्यावर बनियनवर बसून चहात खारी बुडवत होता. आतून आवाज येतच होता.

"अप्पा? तू हितं?"

"मग कुठं आसनार?"

"आन सायकल?"

"मी व्हय? चार दिवस चालवली. पाठीत उसण भरली, दिली सोडून. दोन म्हैनं झालं, हात न्हाय लावला."

"मग आत कोन हाय?"

अप्पाने मान वर केली नाही. "मला शपथ घातलीया, जोती. मी काय बोलनार न्हाय. चपला काढ आन तूच आत जाऊन बघ."

जोतीराम उंबऱ्याशी वाकला. चपला काढायच्या जागी भिंतीला टेकून एक रिकामी किटली ठेवलेली होती, आणि तिच्यावर ठसठशीत अक्षरांत त्याचंच नाव कोरलेलं होतं.