मागच्या चाकातली हवा

शहराच्या अलीकडे त्याला वळसा घालणारा रस्ता फुटतो, तिथल्या पंक्चरवाल्याकडे हवा बघायची, हा बाबांचा शिरस्ता. मोटरसायकल त्यांचीच. दोन वर्षं त्यांचं आजारपण शहरातल्या ताईने एकटीने काढलं; मी थेट अंत्यविधीला पोचलो आणि किल्ली घेऊन भटकायला निघालो. परतताना वाटेत ताईचं शहर लागणार होतं. काल, प्रवासाच्या तिसऱ्या दिवशी, तिने फोनवर जेवायला बोलावलं, तर म्हणालो, “ट्रॅफिक बघून सांगतो.” आज तोंड दाखवायचा धीर होईना. पंक्चरवाल्यापाशी थांबून मेसेज टाकला: ‘ट्रॅफिक भयंकर होतं, बायपासने आलो. शहर केव्हाच मागे पडलं.’ दुकानाच्या आत फोन वाजला. ताई बाहेर आली. एका हातात फोन, दुसऱ्यात बाबांचा हवा मोजायचा गेज. “तुला ट्रॅफिक नको, म्हणून मीच दोन बस बदलून आले.” मी खाली मान घालून गेज घेतला. ती म्हणाली, “मागच्या चाकात तेहतीस ठेव. बाबा शेवटपर्यंत विचारत होते, ‘त्याला सांगितलंस का?’”