तू म्हणशील तसं

"तू म्हणशील तसं," नवरा म्हणाला आणि तिने हातातली कवळी जवळजवळ आपटलीच.

कवळी तिच्या वडिलांची होती, आणि वडील समोरच्याच स्टुलावर तोंडावर रुमाल धरून बसले होते. खालच्या हिरडीला टोचतंय म्हणून ते दुपारच्या सुट्टीत लेकीच्या लॅबमध्ये आले होते. लॅब म्हणजे दातांच्या दवाखान्यामागची एक खोली. मांडणीवर अनोळखी माणसांच्या जबड्यांचे पांढरे साचे, टेबलावर घासायचं यंत्र आणि सगळ्यावर प्लास्टरची भुकटी. टेबलावरच्या मेणाच्या डब्याला फोन टेकवलेला होता. त्यात नवरा होता. तो तिकडे, दुसऱ्या देशात, लिफ्ट दुरुस्त करायचा. आत्ता कुठल्याशा इमारतीच्या माथ्यावर, मशीनच्या खोलीत, गुडघे पोटाशी घेऊन बसला होता. त्याला फोनमध्ये फक्त ती दिसत होती.

व्हिसाच्या सल्लागार बाईंना संध्याकाळपर्यंत उत्तर हवं होतं. मार्ग दोनच. इथेच राहून तिकडे कायम राहण्याच्या परवान्याचा अर्ज करायचा, तर निकालाला वर्ष लागेल, दीड लागेल, तोवर तो तिकडे आणि ती इकडे. नाहीतर पाहुणी म्हणून जायचं आणि तिथे बसून अर्ज करायचा. मग संसार आजपासून सुरू, पण निकाल लागेपर्यंत त्या देशाबाहेर पाऊल टाकायचं नाही. टाकलं की अर्ज मेला. कोणी आजारी पडो, कोणी जावो, नियम म्हणजे नियम. उशीर करायलाही सोय नव्हती, कारण अर्जाला लागणारा पोलिसांचा दाखला महिनाअखेर शिळा होत होता. आधीचा असाच 'बघू, ठरवू' करता करता शिळा झाला होता.

आणि वडिलांच्या हृदयाचं एक ऑपरेशन झालं होतं. दुसऱ्याचं डॉक्टर अजून 'बघू' म्हणत होते.

लग्नाला आठ महिने झाले होते आणि आठ महिने घरात नुसता सभ्यपणाचा सुळसुळाट होता. नवरा म्हणायचा, तू म्हणशील तसं. सासूबाई म्हणायच्या, तुम्ही दोघं म्हणाल तसं. आई म्हणायची, बाबांना विचार. आणि बाबा म्हणायचे, माझी काळजी करू नका. एकाने कोणीतरी तिच्यावर ओरडून हट्ट केला असता तर तिने त्याचे पाय धरले असते.

वडील रुमालामागून भुवया उडवत होते. म्हणजे काय, ते तिला पाठ होतं: माझी काळजी करू नका. बोलू मात्र शकत नव्हते. कवळी नसताना ते तोंड उघडत नसत. आईनेसुद्धा म्हणे त्यांचं बोळकं कधी पाहिलेलं नव्हतं. दिवा मालवल्यावरच कवळी वाटीत जायची. लेकीने पाहिलं होतं, पण ते माप घ्यायला, तेही डोळे घट्ट मिटून. त्यांचे स्वतःचे, तिचे नव्हे.

तिने यंत्र सुरू केलं, गुलाबी कडेवरचा टोचरा भाग घासला, फुंकर मारली आणि यंत्र बंद केलं.

"मला काय हवंय ते मी विचारतच नाहीये," ती फोनला म्हणाली. "तुला काय हवंय ते सांग. एकदा. सरळ."

त्याच्या मागे लिफ्टचा दोर घरघरत वर आला आणि खाली गेला.

"मी 'ये' म्हटलं," तो शेवटी म्हणाला, "आणि उद्या बाबांना काही झालं, आणि तुला निघता आलं नाही, तर तू मला कधीच काही बोलणार नाहीस. पण माझ्याकडे बघशील. रोज. म्हणून मी म्हणणार नाही."

तिने पुन्हा यंत्र सुरू केलं. कवळीला आता घासायला काही उरलं नव्हतं, तरी केलं.

तेवढ्यात शेजारून एक हात आला आणि यंत्राचं बटण बंद झालं. वडिलांनी रुमाल खिशात कोंबला. फोन उचलला आणि नेहमीसारखा इतका जवळ धरला, की तिकडे जावयाला नुसतं तोंडच दिसलं असणार. गाल आत गेलेले, ओठ गुंडाळलेले, उघडं तोंड.

"जावईबापू, ये म्हणा तिला." शब्द मऊ पडत होते, पण कळत होते. "मला काही झालं, तर ती आली काय न आली काय, मला कळायचंय थोडंच? ती इथे बसून मला काही व्हायची वाट बघते, ते मात्र मला रोज कळतं."

रेंज गेली की काय, म्हणून तिने मान पुढे काढून पाहिलं. रेंज होती.

"ये," तो म्हणाला.

तिला आनंदच व्हायला हवा होता. झाला संताप.

"हे आधी बोलला असतास," ती म्हणाली, "तर तो दाखला मला दोनदा काढावा लागला नसता." आणि फोन वडिलांच्या हातातून घेऊन बंद केला.

मग तिथेच उभी राहून तिने सल्लागार बाईंना फोन लावला. दुसरा मार्ग, एवढंच सांगितलं. बाईंनी पुन्हा विचारलं, मध्येच परत येता येणार नाही, हे घरच्यांना माहीत आहे ना. तिने वळून पाहिलं.

वडील स्टुलावर परत बसले होते. रुमाल खिशातच होता. तोंड उघडंच होतं आणि खांदे हलत होते. इतक्या तोंडांची मापं घेतलेली ती, पण ते हसतायत की रडतायत, तिला काही केल्या सांगता येईना.

"आहे," ती बाईंना म्हणाली.