निळ्या दिव्याखाली

साथ आली तर काय करायचं, ते मोठी जाऊ गल्लीतल्या स्वयंसेवकांना शिकवत होती, आणि तिची दोन वर्षांची लेक खुशाल धाकटीच्या मांडीवर. "येतेस आईकडे?" म्हटलं की मान जोरात हलवून 'नाही'! हल्ली रोजचंच झालं होतं ते. मोठीचा नुसता जळफळाट व्हायचा.

म्हणून आजच्या सरावात साथीचं मूळ तिने मुद्दाम धाकटीलाच केलं. तिच्या हातांना एक न दिसणारी पावडर चोळली. एका हाताचा स्पर्श कुठे कुठे पोचतो, ते निळ्या दिव्याखाली चमकून दिसणार होतं.

चहा झाल्यावर खोलीत अंधार करून दिवा लावला. लेकीचे गाल, केस, तळवे, सगळं लखलखत होतं.

"अगंबाई, ही तर पुरती काकूचीच झालीय!" कुणीतरी हसलं.

मोठीने रागारागाने जॅकेट काढून खुर्चीवर टाकलं.

"ताई, तुम्ही बोलत होतात ना, तेव्हा सारखी उतरून तुमच्या मागे जायची ही," धाकटी म्हणाली.



जॅकेटच्या पाठीवर, अगदी खालच्या काठाशी, चिमुकल्या पंजांचे ठसेच ठसे चमकत होते.