धारेवरचं स्थळ

"श्वास पोटातून घे, पोटातून!" मावळतीच्या उन्हात डोंगरधारेवरून पुढे धावणारा निनाद मागे वळून ओरडला. श्वास पोटात जात नाही, हे प्राणिशास्त्र शिकलेल्या केतकीने सांगायचं टाळलं. घरच्यांना हे स्थळ पसंत होतं; आज तिने होकार द्यायचा की नकार, एवढंच उरलं होतं.

वळणावर झाडीतून गवा निघाला आणि वाट अडवून उभा राहिला. निनादने केतकीला बाजूला ढकललं आणि आल्या वाटेने धूम ठोकली. केतकी हलली नाही. गवा फुरफुरला आणि सावकाश रानात उतरला.

पायथ्याशी निनाद घाम पुसत उभा होता. "अगं, मदत आणायला पळालो मी."

"आली का मग?"

"ते सोड. घरी काय सांगू?"

"म्हणावं," केतकी म्हणाली, "मुलगी पळण्यात काही आपल्या तोडीची नाही."